इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढू नका, काका

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात साखळीला पोचलो तर काका पोर्चमध्ये बॉनेट उघडून उभे. इंजिन चालू, हातात १० नंबरचा पाना. "थांब रे, अल्टरनेटर तपासतोय." अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र. पाना आधी काढून घेतला, मग त्यांचा फोन बघितला. 'रात्री बॅटरी उतरते? मेकॅनिक सांगणार नाहीत ती कारणं' हा मेसेज. घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलेला.

त्यातला सगळ्यात घातक सल्ला हाच: चालू गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे खपून जायचं. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं. आयएसओ १६७५०-२ या मानकात गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी याच प्रसंगाची चाचणी आहे आणि १२ व्होल्टच्या गाडीला त्यात ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलाय. ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेला तर बॅटरीचा खर्च किरकोळ वाटेल. बरं, एवढं करून कळतं काय? डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गळका असलेला अल्टरनेटर दिवसा चार्ज करतो आणि रात्री बॅटरी पितो. तो या परीक्षेत पास! त्यापेक्षा इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) धरा. सहसा १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

मेसेजमधले बाकीचे सल्ले. 'बॅटरी उतरते म्हणजे बॅटरी संपली, नवी घ्या.' काकांनी घेतली. चौथ्या सकाळी सेल्फ परत खट्‌ खट्‌.

'गोव्याची दमट हवा बॅटरी खाते.' अर्धं खरं, मान्य करतो. खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरं साठतं, बॅटरीच्या माथ्यावरच्या ओलसर मळातूनही थोडा करंट झिरपतो. पुसा, घासा. पण एवढ्यानं चांगली बॅटरी तीन रात्रींत झोपत नाही.

'रोज ५ मिनिटं जागेवर चालू ठेवा.' स्टार्ट करताना गेलेलं जेमतेम भरून निघेल. पुढे चला.

जे करायला हवं ते मेसेजमध्ये नाहीच. गाडी बंद, किल्ली बाहेर, निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बॅटरी आणि सुटलेली केबल यांच्यामध्ये मीटर जोडायचा, मीटरची वायर त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये. गाडीला दरवाजा बंद वाटावा म्हणून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद करून अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही. साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. काकांकडे ०.६२! म्हणजे रात्रीच्या १२ तासांत साडेसात अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दिवसाची फेरी बाजारापर्यंतच, मग भरणार कधी?

एकेक फ्यूज उपसत गेलो. ऑडिओचा काढला आणि आकडा ०.०३वर आला. जूनमध्ये बसवलेल्या नव्या स्टिरिओची लाल वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या सप्लायला जायला हवी होती, बसवणाऱ्यानं ती कायम चालू असलेल्या पिवळीलाच पिळून टेप मारली होती. सोडवून जागेवर लावायला वीस मिनिटं लागली.

काकांनी तो मेसेज अजून डिलीट केलेला नाही. जुनी बॅटरी मात्र एक्स्चेंजमध्ये गेली, आणि माझ्या मते ती चांगलीच होती.