‘बेळगावात बसून’ म्हणणाऱ्यांना

मागच्या लेखात मी एआय एजंटांना (सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणाऱ्या संगणकी मदतनिसांना) कंपन्यांच्या रोख्यांची (बाँडची) माहिती काढून देणाऱ्या एका साधनाविषयी लिहिलं होतं. त्यावर ‘मुंबईकर’ अशी सही करून एका गृहस्थांनी लिहिलंय: ‘बेळगावात बसून मुंबईच्या रोखे बाजारावर ज्ञान पाजळू नये. रोख्यांचे सौदे रोज होत नाहीत, दाखवलेला भाव जुना असतो. ट्रिपल ए (सर्वोच्च पतश्रेणी) बघून माणसं फसतात, आयएल अँड एफएस (पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी, हप्ते थकवलेली कंपनी) आठवा. यंत्राला विचारून पैसे घालणाऱ्यांना तुम्ही खड्ड्यात ढकलताय.’

‘आता एजंट घरी कशाला?’ (एजंट म्हणजे घरी येऊन रोखे विकणारा माणूस) हे माझं शीर्षक जरा चढ्या सुरातलं होतं, मान्य. आता मुद्द्याकडे येतो.

‘बेळगावात बसून’ हे दोन शब्द नसते तर मी चार ओळींत आभार मानून मोकळा झालो असतो. साहेब, मुंबईत राहिलं की रोखे अंगात नेमके कुठे भिनतात? लोकलच्या दारात, की चर्चगेटच्या फलाटावर? कंपन्यांच्या रोख्यांचा बहुतेक व्यवहार मुंबईतही कुठे घोळक्याने बोली लावून होत नाही. मोठ्या संस्था आपापसांत सौदा ठरवतात आणि तो एक्स्चेंजकडे नोंदवतात. ती नोंद दादरला जशी दिसते तशीच टिळकवाडीत दिसते.

एके काळी तुमचं म्हणणं चाललं असतं. प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांसाठीच, निघणाऱ्या रोख्याची दर्शनी किंमत दहा लाख रुपये असायची. शहापूरचा विणकर त्या वाटेला कशाला जाईल? सेबीने २०२३ पासून ती एक लाखावर आणली आणि २०२४ मध्ये काही अटींवर १०,००० रुपयांचीही मुभा दिली. त्याआधी, २०२२ मध्येच, ऑनलाइन रोखे विकणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे माल आमच्या दारात आणून ठेवायचा, आणि आम्ही त्याबद्दल बोललो की ‘तुम्ही कोण?’ असं विचारायचं. वा!

मी कोण तेही सांगतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले. निपाणीचे माझे मामा तंबाखूच्या व्यापारात होते. हंगामाचा पैसा हाती आला की ते डिबेंचर (कंपन्यांचे रोखेच) घ्यायचे, कारण एजंट घरी यायचा, चहा घ्यायचा आणि फॉर्मही तोच भरायचा. एका कंपनीचं व्याज थांबलं तेव्हा ते कागद माझ्याकडे आले. तारण काय, डिबेंचर ट्रस्टी (रोखेधारकांच्या वतीने लक्ष ठेवणारी संस्था) कोण, हे विचारायला मी पत्रं लिहीत राहिलो. अखेर उत्तर आलं तेही त्याच कंपनीच्या दुसऱ्याच मालिकेबद्दल! शेअर एकच असतो हो, पण एका कंपनीचे रोखे डझनांनी असतात. व्याजदर वेगळा, मुदत वेगळी, एक तारणी तर दुसरा बिनतारणी. मामांचा बिनतारणी निघाला. हे मामांनी घेण्याआधी कळायला हवं होतं, बुडाल्यावर नव्हे. हे तुम्ही कुठल्या मुंबईत शिकलात ते माहीत नाही, मी निपाणीत शिकलो.

म्हणून मला या साधनाचं अप्रूप आहे. भाषेच्या मॉडेलला नुसतं विचारलं तर ते आठवणीवर बोलतं. आयएनईने सुरू होणारा, बारा अक्षरांचा, अगदी खरा वाटणारा आयएसआयएनसुद्धा (रोख्याचा ओळख क्रमांक) ठोकून देतं. २०२४ च्या अखेरीस मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला बाहेरची साधनं जोडायची सामायिक पद्धत) आला आणि अशी साधनं एजंटांना जोडणं सोपं झालं. मग एजंट आठवणीवर न जाता नोंद उघडतो आणि व्याजदर, मुदत, तारण, ट्रस्टी, कंपनीला रोखा मुदतीआधी परत घ्यायचा हक्क आहे का, हे तिथून उचलतो. सल्ला देणं हे त्याचं काम नाही आणि मीही तसं कुठे लिहिलेलं नाही. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-वन रोखे (बँक अडचणीत आली की पैसे बुडू शकतात असे) मार्च २०२० मध्ये शून्यावर आणले. एफडीसारखेच समजून ते घेतलेली साधी माणसंही त्यात होती. त्या रोख्यांना परतफेडीची तारीखच नव्हती! ‘मुदत: कायमस्वरूपी’ एवढी एक ओळ आधी समोर आली असती तर काही जण तरी थबकले असते की. का मुंबईकरांना ती दिसली होती आणि तरीही त्यांनी पैसे घातले?

राहिलं बाकीचं. भाव जुना असतो, तर शेजारी सौद्याची तारीख असते, ती वाचावी. आयएल अँड एफएस २०१८ मध्ये हप्ते थकवण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत ट्रिपल ए होती, त्याचा जाब श्रेणी देणाऱ्यांना विचारा, मला नको. खड्ड्याबद्दल काय बोलणार? आम्ही रोजच खड्ड्यांतून जातो.

तुमच्याकडच्या कुठल्याही रोख्याचा आयएसआयएन इथे लिहा. एआय एजंटाने काढलेली नोंद मी भावाच्या तारखेसकट जशीच्या तशी खाली लावतो, चूक निघाली तर तीही सगळ्यांसमोर दिसेल. लिहायचा नसेल तर राहू दे, पण मग पुढच्या वेळी माझ्या गावाचा पत्ता मध्ये आणू नका.