तीनशे वर्षं उपाशी राहिलेला कवी

चीनचा ड्रॅगन बोट फेस्टिव्हल आला की तेच रील परत फिरायला लागतं. जुन्या काळचा चिनी कवी छू युआन याने नदीत उडी मारली, माशांनी त्याचं शरीर खाऊ नये म्हणून लोकांनी भात पाण्यात टाकला, आणि त्यातून झोंगझी आली, म्हणजे पानात बांधून शिजवलेला तो चिकट तांदळाचा टोकदार पुडा. गोष्ट गोडच आहे ओ, पण यातला मसालाच कोणीतरी काढून टाकलाय असं माझं स्पष्ट मत.

साधारण 500 सालाच्या आसपास वू जुन नावाच्या लेखकाने लिहून ठेवलेली गोष्ट वाचा, तिच्यात माशांचा पत्ताच नाही. लोक दरवर्षी पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे या सणाच्याच दिवशी, बांबूच्या नळीत तांदूळ भरून छू युआनसाठी नदीत सोडायचे. मग एक दिवस चांगशा शहरातल्या एका माणसाला भरदिवसा एक गृहस्थ भेटतात, म्हणजे खुद्द छू युआनच, ओळख म्हणून आपलं जुनं सरकारी पद सांगतात (मेल्यावरही!) आणि म्हणतात, तुम्ही पाठवता ते चांगलंच आहे पण सगळं पाण्यातला ड्रॅगन चोरतो, यापुढे वरून चायनाबेरीची पानं लावा आणि पाचरंगी दोऱ्याने बांधा, या दोन गोष्टींना तो घाबरतो. चायनाबेरी म्हणजे आपल्याकडचा बकाणा लिंब.

आता हिशोब करा. छू युआनचा मृत्यू परंपरेने इ.स.पूर्व 278 चा धरतात आणि ही भेट झाली म्हणतात इ.स. 25 ते 56 च्या दरम्यान, म्हणजे बिचारा जवळपास तीनशे वर्षं उपाशी. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक ताटकळतात, इथे तर मयतच येऊन पॅकिंग कसं करायचं ते सांगून गेलं. असली गोष्ट सोडून मासे कशाला घेतले देव जाणे.

बरं, इतिहासकार सिमा छियानने छू युआनचं चरित्र लिहिलंय, त्यात तो दगड उराशी धरून मिलुओ नदीत उडी घेतो, पण ना सणाची तारीख ना भाताचा दाणा. आणि वू जुनच्या दोनेकशे वर्षं आधीच चौ छू नावाचा माणूस पानात गुंडाळून शिजवलेल्या या पदार्थाबद्दल लिहितो, पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी खातात म्हणतो, आणि कवीचं नावसुद्धा घेत नाही. रंगीत दोरा पण स्वतंत्रच, हा महिना रोगराईचा, साप-विंचवांचा मानायचे म्हणून तो हाताला बांधायचे. मला तर वाटतं पुडा आधीपासून होता, दोराही होता, दोघांना बांधायला एक कवी मिळाला.

सगळीकडे हाच कवी आहे असंही नाही. सुचौ शहराकडे हा दिवस वू झीशूचा, राजाने मरायला लावून ज्याचं प्रेत नदीत फेकलं तो मंत्री. शाओशिंग शहराकडे त्साओ अ नावाच्या मुलीचा, बुडालेल्या बापाला शोधताना तीही गेली. तीन गोष्टी, तिन्हींत पाणी, आणि शाळेच्या पुस्तकासारखी एकच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी बसली याचं मला जरा वाईटच वाटतं.

आणि आजची झोंगझी? पान बांबूचं नाहीतर पाण्याकाठच्या उंच गवताचं, आत उत्तरेकडे लाल खजुरासारखी बोरं, जियाशिंग शहराची असेल तर सोया सॉसमधलं डुकराचं मटण, आणि गोड की खारी यावरून ऑनलाइन भांडणं. दोरा बहुतेक वेळा साधा पांढरा आणि बकाणा लिंब तर गायबच, म्हणजे ड्रॅगनची परत चंगळ.