आईच्या गुडघ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह

वंदे भारतचं तिकीट काढताना साध्या चेअर कारऐवजी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे वरचा वर्ग, घ्यावा का, असं महिन्याभरात तिघांनी विचारलं. माझं सरळ मत: मी एकटी जाणार असेन तर घेत नाही. आई बरोबर असेल तर दुसरा विचारच करत नाही.

मुंबई–सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा जेवणासकट चेअर कारला १,३०० रुपये पडायचे आणि एक्झिक्युटिव्हला २,३६५. हजारभर रुपये जास्त देऊनही गाडी तीच, पोचायची वेळ तीच. एसी दोन्हीकडे, खाणंपिणं दोन्हीकडे. शिवाय या गाडीत मुलांना अर्धं तिकीट नाही, म्हणजे चौघांच्या घराला एका खेपेलाच चार हजारांचा फरक.

मग हे पैसे कशाचे? जागेचे. चेअर कारमध्ये एकीकडे तीन सीट, दुसरीकडे दोन. एक्झिक्युटिव्हमध्ये दोन्हीकडे दोनच. मधली सीट हा प्रकारच नाही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. सोलापूरहून सकाळी सहाला निघालं की मुंबईला पोचेपर्यंत साडेसहा तास. मागे एकदा तिला तिघांतली मधली सीट आली, मी पलीकडच्या रांगेत. बाथरूमला जायचं तर कडेच्या माणसाला उठवावं लागेल, म्हणून बाईंनी पुण्यापर्यंत घोटभर पाणीही घेतलं नाही. मला हे मुंबईत उतरल्यावर कळलं. फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी एक्झिक्युटिव्ह काढलं. ती खिडकीशी, शेजारी मी. चपला काढून तिनं पाय लांब केले. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. पाणी मनसोक्त प्यायली, तीनदा उठली. हजार रुपये त्याचेच होते.

तिकीट काढताना जेवण नको असा पर्याय असतो, तो घेतला की पैसे वाचतात. ऑटो अपग्रेडेशनच्या (वरच्या वर्गात जागा उरली तर त्याच तिकिटावर ती मिळू शकते) चौकोनात खूण जरूर करा, पण त्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघू नका. आणि नुसतं मुंबई–पुणेच करायचं असेल तर एक्झिक्युटिव्हवर खर्च करू नका. त्यापेक्षा पावसाळ्यात पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीनच्या व्हिस्टाडोममध्ये बसा. काचेच्या छताखालून खंडाळ्याचा घाट बघायला मी कितीही वेळा पैसे देईन.

एक मात्र मनापासून वाटतं. झोपायच्या डब्यात ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळावा म्हणून कोटा आहे. तसंच चेअर कारमध्ये साठीच्या पुढच्या माणसाला मधली सीट देऊच नये. ज्यांना हजार रुपये जास्त परवडत नाहीत, त्यांचेही गुडघे दुखतातच. तिकीट काढताना वय तर आपण भरतोच.