घर गॅरेजात गेलं की आम्ही कुठे जायचं?

न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही दोघं मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचे राहायला आलो, त्याला आता काही वर्षं झाली. सोलापूरहून बहिणीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, पेट्रोल किती पितं गं ते?" पितं, भरपूर पितं. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. पण पेट्रोलची काळजी मला कधी वाटली नाही. महाग झालं की एका जागी जास्त दिवस थांबायचं, संपलं. काळजी असते दुरुस्तीची. निवृत्तीनंतर असं राहायचं म्हणणारी मराठी मंडळी आता मला बरीच भेटतात, आणि त्यांच्याशी या विषयावर कुणी धड बोललेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी सुखाबद्दल, कारण ते खरं आहे आणि त्याच्यासाठीच हा सगळा आटापिटा.

हिवाळा आम्ही ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात काढतो. जमीन सरकारी, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. एरवी या खात्याच्या जमिनीवर एका जागी साधारण 14 दिवस राहता येतं, पण ला पोसासारख्या काही जागा 1983 पासून लांबच्या मुक्कामासाठी राखून ठेवल्या आहेत. परवाना काढला की 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल खुशाल राहा. गाडीपाशी वीज नाही, नळ नाही. पाणी भरायची आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा ठरलेली, तिथवर गाडी न्यायची. बाकी छपरावरची सोलर पॅनेल आणि आपण.

सकाळी पडदा सरकवला की समोर मोकळं माळरान, मधे एखादा उंच सग्वारो निवडुंग, आणि झुडपांतून डोक्यावर तुरा मिरवत पळणारी लाव्यांची रांग. ह्यांचा चहा होतो, माझे पोहे होतात. फोडणी मात्र बाहेर, ओनिंगखाली, म्हणजे गाडीच्या कडेला उघडणाऱ्या कापडी छताखाली, छोट्या शेगडीवर, कारण आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलायला लागतो. माझा मसाल्याचा डबा, प्रेशर कुकर, देवाचा छोटा फोटो सगळं जिथल्या तिथे. खिडकीबाहेर कधी ॲरिझोना असतं, कधी साउथ डकोटातले ब्लॅक हिल्स, पण चहाच्या पातेल्यासाठी हात आपोआप त्याच फळीकडे जातो. परक्या मुलखात स्वतःच्या अंथरुणात झोपणं आणि स्वतःच्या मोरीत अंघोळ करणं किती मोठी गोष्ट आहे, हे हॉटेलांच्या प्रवासात कळत नाही.

पाण्याचं म्हणाल तर टाकीत 40 गॅलन मावतं, म्हणजे दीडशे लिटर. जपून वापरलं तर आम्हा दोघांना आठवडा जातो. नळाला पाणी आलं की भांडी भरून ठेवायची आणि तांब्यातांब्याने वापरायचं, हे मी माहेरीच शिकले. शेजारच्या अमेरिकन बायकांना या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. दिवाळीत ओनिंगला आकाशकंदील लावतो, चकल्या बाहेरच तळते, आणि आजूबाजूच्या गाड्यांतून माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. न्यू जर्सीत इतकी वर्षं राहून पलीकडच्या घरातल्या माणसाचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. इथे शेजारच्या आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा माहीत असते.

आता दुसरी बाजू.

मोटरहोमला इंजिन मारत नाही, पाणी मारतं. या घराच्या भिंती म्हणजे लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट, मधे फोम, बाहेरून फायबरग्लासचा पातळ पत्रा, सगळं डिंकाने चिकटवलेलं. छपराला रबरासारखं आवरण आणि त्यात भोकंच भोकं: पंखा, स्कायलाइट, अँटेना, मोरीच्या टाकीची हवा जायची नळी. प्रत्येक भोकाभोवती सिलंट, म्हणजे फट बुजवायचा चिकट लेप. ऊन आणि रस्त्याचे हादरे खाऊन त्या सिलंटला केसाएवढी चीर पडते. तिथून पाणी आत शिरतं आणि महिनोन्‌महिने गुपचूप लाकूड कुजवतं. बाहेरच्या भिंतीला फुगवटा दिसेपर्यंत आत निम्मं काम झालेलं असतं. ती दुरुस्ती इतकी महाग पडते की जुन्या गाडीची किंमतसुद्धा तेवढी भरत नाही.

म्हणून आम्ही दर महिन्याला छपरावर चढतो. आम्ही म्हणजे मी. ह्यांची पाठ दुखते. प्रत्येक जोडावरून बोट फिरवायचं, कुठे कडक झालंय, कुठे कड सुटलीय ते बघायचं. चीर दिसली की जागा स्पिरिटने पुसून कोरडी करायची आणि सिलंट सोडायच्या बंदुकीने नवा थर द्यायचा. सपाट छपरासाठी जो मिळतो तो धिरड्याच्या पिठासारखा आपोआप पसरून बसतो. उभ्या भिंतीला तो चालत नाही, ओघळतो. तिथे न ओघळणारा वेगळा घ्यावा लागतो. अर्ध्या तासाचं काम आहे. सिलंटच्या नळीला चार पैसे पडतात, आणि त्यावर सगळं घर टिकून आहे.

दुसरं असंच काम गरम पाण्याच्या टाकीचं. आमची टाकी पोलादाची आहे, आणि तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते, ॲनोड रॉड. पाण्यातली गंजण्याची क्रिया पोलादाला सोडून आधी त्या कांडीला खाते. तिचं कामच ते. टाकी थंड होऊ द्यायची, वरचा झडपेचा खटका उघडून दाब सोडायचा, मग पाना लावून कांडी बाहेर काढायची. नवी असताना अंगठ्याएवढी जाड, वर्षभराने खाल्लेल्या कणसासारखी निघते. तीन चतुर्थांश झिजली की बदलायची. बदलली नाही तर पुढचा नंबर टाकीचा. काही गाड्यांत ॲल्युमिनियमची टाकी असते, तिला कांडी लागत नाही. आपली कुठली, हे विकत घेतानाच विचारून ठेवा.

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका, हे टायर झिजण्याआधी वयाने जातात. कडेला कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की मी एक दिवस थांबत नाही.

पण काही गोष्टी हाताने होत नाहीत, आणि माझी खरी तक्रार तिथे सुरू होते.

आमच्यासारख्या गाडीचा सांगाडा आणि इंजिन एका कंपनीचं, त्यावरचं घर दुसरीचं, आणि फ्रिज, हीटर, एसी प्रत्येकी तिसऱ्या-चौथ्याचे. वॉरंट्याही तितक्याच. एकदा आमची स्लाइड, म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकणारी भिंत, अर्ध्यात अडकली. घराच्या वर्कशॉपने सांगितलं, वायरिंगचा दोष आहे, सांगाड्यावाल्यांकडे जा. सांगाड्यावाले म्हणाले, एवढी उंच गाडी आमच्या शेडमध्ये मावतच नाही. शेवटी एकाने ठेवून घ्यायचं कबूल केलं, पण मेकॅनिकचा नंबर तीन आठवड्यांनी. "तोवर गाडीत राहता येईल का?" तर नाही, विम्यात बसत नाही. फ्रिजमधलं सामान, औषधं, दोघांचे कपडे पिशव्यांत भरून आम्ही मोटेलमध्ये. वर्कशॉपच्या काउंटरवरची मुलगी दहा वेळा गाडीला "व्हेइकल" म्हणाली. तिचा दोष नाही, तिच्या फॉर्मवर तेवढाच रकाना होता.

कायदासुद्धा तसाच आहे. नवी गाडी वारंवार बिघडली तर कंपनीने ती परत घ्यावी, असा इथे लेमन लॉ आहे. पण कॅलिफोर्नियात तो मोटरहोमच्या सांगाड्याला आणि इंजिनाला लागू होतो, राहण्याच्या भागाला नाही. म्हणजे गिअर बिघडला तर दाद मागता येते. छप्पर गळलं, मोरी तुंबली, भिंत फुगली तर तो कायदा गप्प. इंडियानाच्या कायद्यात तर मोटरहोम सरळ वगळलेलं आहे, आणि अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशा राहायच्या गाड्या, त्याच इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात. ज्या राज्यात या घरांचा धंदा उभा आहे, तिथेच घेणाऱ्याला आधार नसावा, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते भेटेल त्याला सांगते. ज्यांचं दुसरं घरच नाही अशी माणसं आता हजारोंनी या गाड्यांत राहतात. निदान दोन गोष्टी व्हायला हव्यात: राहण्याच्या भागाला तेवढंच संरक्षण, आणि दुरुस्ती चालू असताना रात्री वर्कशॉपच्या आवारात गाडीतच झोपायची मुभा. काही वर्कशॉप ती आजही देतात, विजेची वायरसुद्धा लावून देतात. म्हणजे अशक्य काहीच नाही.

तोवर आम्ही आमची सोय केली आहे. फोन करताना पहिला प्रश्न पैशांचा नसतो, "रात्री राहू द्याल का?" हा असतो. जमेल तिथे गाडीपाशी येऊन काम करणारा मेकॅनिक बोलावतो. तो तासाला दीडशे डॉलरच्या आसपास घेतो, पण घर आमच्याच ताब्यात राहतं, आणि मी शेजारी उभी राहून त्याचं काम बघते. पुढच्या वेळी त्यातलं निम्मं मलाच येतं.

कुणी घ्यायच्या विचारात असेल तर शोरूमच्या दिव्यांखाली बघू नका. जुनी घेत असाल तर मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा. आत शिरल्याबरोबर नाकाने वास घ्या, कुबट आला की मागे फिरा. ओलावा मोजायचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते घेऊन वरच्या कपाटांच्या आतले कोपरे आणि खिडक्यांखालच्या भिंती तपासा. आणि शिडी मागून स्वतः छपरावर चढा. विकणारा चढू देत नसेल तर ती गाडी घेऊ नका.