सच्याची मधाची बाटली आणि कट्ट्यावरचा राडा

रविवार, संध्याकाळचे साडेसात, मे महिना. सांगलीत ह्या दिवसांत पायरीवर बसलं की खालनं चटका बसतो तरी आम्ही बसतोच. विन्याच्या मेडिकलशेजारी बंद पडलेलं टेलरचं दुकान आहे, त्याची पायरी म्हणजे आमचा कट्टा.

सच्या आला तोच तोंड पाडून. खिशातनं मधाची छोटी बाटली काढली आणि पायरीवर ठेवली. पिंट्याला वाटलं कुणीतरी महाबळेश्वरवरनं आणलाय, त्यानं झाकण उघडून बोट घातलं पण.

"अरे ठेव ते, पुरावा आहे तो."

झालं असं की दुपारी बायको आंघोळीला गेलेली, ती बाहेर आली तर सच्याची आई बाळाला मांडीवर घेऊन करंगळीनं मध चाटवतेय. बाळ साडेतीन महिन्याचं. बायको एक शब्द बोलली नाही, आत गेली आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. "आपटलं नाही रे, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं."

पिंट्या म्हणाला मधच की, विष आहे काय, आपण सगळे मधावरच वाढलो, मला तर आजीनं जन्मल्या जन्मल्या सोनं उगाळून मधातनं दिलेलं.

"म्हणून असा झालास," प्राजू. प्राजूला दोन पोरं आहेत, धाकटा आत्ता कुठं दोन वर्षाचा झालाय, त्यामुळं ह्या विषयात तिच्यापुढं आमचं कुणाचं काही चालत नाही.

विन्यानं मग काउंटर सोडून येऊन नीट सांगितलं. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, बोटुलिझमवाले. मोठ्या माणसाच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथंच विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठता होते, मग बाळ ढिलं पडतं, रडण्यातला जोर जातो, नीट चोखता येत नाही. घरच्या गॅसवर मध उकळला तरी ते मरत नाहीत. होतं क्वचित, पण झालं की थेट आयसीयू, म्हणून वर्ष होईपर्यंत मध अजिबात नाही, आणि आता चाटवलाच आहे तर घाबरायचं नाही पण काही दिवस ह्या गोष्टींवर लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांना फोन करून सांगायचं.

"मग आपण कसे जगलो?" पिंट्या काही सोडेना.

"जे नाही जगले ते कट्ट्यावर चहा प्यायला येणारेत का?"

यावर दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मी मोबाईलवर शोधून काढलं, 1971 ला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांमागं 129 बाळं वर्षाच्या आत जायची, 2020 ला तो आकडा 28 वर आला. पिंट्या लगेच, ते काय सगळे मधानं गेले व्हय? नाही, मान्य, लसी आल्या, दवाखाने आले, बाळंतपणं घरी व्हायची थांबली. पण 'आपण जगलो' हा पुरावा धरायचा नाही एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते पिंट्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग सच्यानं पुढचं काढलं. मध आज झाला, पाण्याचं रोजचं आहे. आई म्हणते एवढं ऊन, लेकराचा घसा सुकतोय, चमचाभर पाणी दिलं तर काय बिघडतं. प्राजू म्हणाली बिघडतं, आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं, सहा महिने वरनं थेंब लागत नाही, मे असो नाहीतर काहीही असो. पाण्यानं त्या एवढ्याशा पोटात जागा भरली की बाळ दूध कमी ओढतं, कमी ओढलं की कमी तयार होतं, आणि मग तीच घरातली मोठी माणसं म्हणतात हिच्या अंगावर दूधच पुरत नाही, डबा आणा. पाहायचंच असेल तर शू पाहा, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत ना, मग घसाबिसा काही सुकत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक चाललेलं, खरा राडा झाला गुटीवरनं. आणि तो मीच केला.

कारण मला गुटी म्हटलं की आमची आजी दिसते. पिवळ्या पडलेल्या फडक्याची पुरचुंडी, त्यात हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम. सहाणेवर थेंबभर पाणी, आणि प्रत्येकाचे वेढे मोजून, बदामाचे जास्त, वेखंडाचा एखादा, बाळाचं वय बघून कमीजास्त. तोंडानं पुटपुटत मोजायची, मधे कुणी हाक मारली तर हातानंच थांब म्हणायची. माझ्या बहिणीला मी ते घेताना बघितलंय, तोंड वाकडं करून सगळं गिळायची. मी म्हणालो हे पण चूक म्हणायचं का, मग आज्यांनी करायचं काय?

विन्या म्हणाला तू भावनेत जाऊ नको. तुझी आजी मोजायची, आता कोण मोजतंय? लोक माझ्याकडं तयार गुटीची बाटली मागतात, आणि रात्री पोर झोपत नाही म्हणून जायफळाचे चार वेढे जास्त देतात. जायफळानं झोप लागत नाही, गुंगी येते. वेखंड पण साधं नाही. आणि ती सहाण, ते पाणी, ते फडकं कुणी उकळलंय का कधी? जुलाब लागले की परत माझ्याकडंच येतात.

"मग ग्राइप वॉटर का विकतोस?" मी.

"मागतात म्हणून. लागतं म्हणून नाही." एवढं प्रामाणिक उत्तर दुकानदाराकडनं पहिल्यांदा ऐकलं. मी गप्प बसलो, पण आजी काही डोक्यातनं गेली नाही.

सच्या म्हणाला आईचं अजून एक चालूये, म्हणते तुला चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी सुरू केलेलं आणि ते डॉक्टरांनीच सांगितलेलं, आता कशाला खोटं बोलायचं?

प्राजू म्हणाली खोटं नाही बोलत त्या. आणि इथं चर्चा एकदम फिरली. तेव्हा डब्ल्यूएचओ पण चार ते सहा महिने असंच सांगायची, 2001 ला ते सहा महिने पूर्ण असं झालं. सच्या जन्मला 1991 ला. म्हणजे काकूंनी तेव्हाच्या डॉक्टरचं अगदी तंतोतंत ऐकलेलं, आणि आज सून म्हणतेय डॉक्टरचं ऐका. शेंगदाण्याचं तर अजून भारी, 2000 मधे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणायचे अ‍ॅलर्जीचा धोका असेल तर तीन वर्षं देऊ नका, 2008 ला ते मागं घेतलं, आणि 2015 ला अभ्यास आला की अशाच बाळांना लवकर दिला तर अ‍ॅलर्जी कमी होते. बारीक कूट किंवा पेस्ट, अख्खा दाणा नाही, घशात अडकतो. "त्यामुळं त्यांना अडाणी ठरवायचं बंद कर. त्यांना कुणी अपडेट दिला नाही, एवढंच झालंय."

"मग अपडेट बायको देईल ना, तिनं सगळं वाचलंय," सच्या.

यावर प्राजू जी चिडली ती चिडलीच. म्हणाली आई कुणाची? तुझी. तू बोल. सुनेनं तेच वाक्य बोललं की तो अपमान होतो, लेकानं बोललं की लेक शिकलाय म्हणतात. माझ्याकडं दोन वर्षं नवरा सोफ्यावर बसून 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणायचा, अजून डोक्यात आहे ते माझ्या.

साडेतीन महिन्याची लस ह्याच आठवड्यात आहे. विन्या म्हणाला आईला सोबत ने, डॉक्टरच सांगतील. मला ते पटलं नाही, दवाखान्यात परक्या माणसासमोर त्यांना खाली बघायला लावायचं म्हणजे काय. शेवटी ठरलं असं की आधी घरी सच्यानं बोलायचं, मधाचं तेवढं स्पष्ट, आणि लसीच्या दिवशी काकूंनाच विचारू द्यायचं की उष्टावणाला काय काय करू. कारण सहा महिन्यानंतरचं खरं काम त्यांनाच येतं. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून वस्त्रगाळ करायची, ते सत्त्व सच्याच्या बायकोला येत नाही आणि तिला ते शिकायचंही नाही, तिनं तसं स्पष्ट सांगितलंय. फक्त त्यात वर्षभर मीठ-साखर नाही, यावरनं परत भांडण होणार हे आत्ताच दिसतंय.

तेवढ्यात सच्याचा फोन वाजला. आई. त्यानं स्पीकरवर हात ठेवून आमच्याकडं बघितलं. "मधाची बाटली कुठं गेली विचारतेय."

"सांग की मी नेली लिंबूपाण्यासाठी," पिंट्या.

"मग रोज प्यायला लागेल."

"पी की मग."

प्राजूनं पिंट्याच्या पाठीत एक ठेवून दिली. सच्या उठला, फोन कानाला लावून लाईटच्या खांबापर्यंत गेला. "आई, बाटली माझ्याकडंच आहे, येतो घरी, बोलूया," एवढं ऐकू आलं. बाटली मात्र पायरीवरच विसरला.