डिपॉझिट जातं, मत जात नाही

काल खळ्यात आमसुलं परतताना आईने विचारलं, “माझा मत दुसऱ्याकच जाता, तर मी उन्हातान्हात कित्याक जाव?” मामाने तिला एक फॉरवर्ड पाठवलाय. देवगडातल्या सगळ्या ग्रुपांवर तोच फिरतोय: छोट्या पक्षाचं डिपॉझिट गेलं की त्याची मतं पहिल्या नंबरच्या उमेदवारात मिळवतात, कोकणात छोटा पक्ष कधी निवडून आलेलाच नाही, आणि परदेशासारखी मतांच्या प्रमाणात जागा द्यायची पद्धत आणली तर प्रत्येक फुटकळ पक्ष संसदेत घुसेल.

मतं मिळवतात? धादांत खोटं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना याच्या निम्मी). सरकारजमा होतात ते पैसे. मतं ज्याची त्याच्याच नावावर राहतात. फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो कुणालाही मिळतो. आमच्या शाळेतल्या केंद्राची ओळ मी आईला बोट ठेवून वाचून दाखवली. डिपॉझिट गेलेल्यांच्या रकान्यातही त्यांची मतं जशीच्या तशी होती. शिवाय निवडणूक आयोगाच्या चिन्हांच्या १९६८ च्या आदेशात आज अशी तरतूद आहे की राज्यात ८ टक्के मतं मिळाली तर एकही जागा नसताना पक्षाला राज्य पक्षाची मान्यता आणि राखीव चिन्ह मिळू शकतं. मग मत फुकट कसं गेलं?

आपल्या पद्धतीत मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तोच निवडून येतो, त्यामुळे छोट्या पक्षाची मतं पांगली की तो मार खातो, एवढं मात्र मला मान्य करावं लागतं. २०१४ ला बसपला देशात सव्वादोन कोटींवर मतं पडली, खासदार शून्य. पण मतं एका भागात एकवटली तर उलटं होतं. अशीच पद्धत असलेल्या ब्रिटनमध्ये २०१५ ला यूकिप या पक्षाला १२.६ टक्के मतांवर एक जागा मिळाली आणि फक्त स्कॉटलंडात लढणाऱ्या एसएनपी या पक्षाला ४.७ टक्क्यांवर ५६.

कोकणाचं तर बोलूच नये! १९८४ च्या काँग्रेस लाटेत जनता पक्षाचे देशभरात १० खासदार आले, त्यांतले एक आपल्या राजापूरचे मधु दंडवते. त्यांच्याआधी इथूनच प्रजासमाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै. वर रायगडात शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष.

राहिली परदेशाची भीती. जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, पण त्यासाठी साधारण ५ टक्के मतांची अट आहे. २०२५ ला एफडीपी हा पक्ष ४.३ टक्क्यांवर अडकला आणि संसदेबाहेर गेला.

मामा, जिथे जिथे तो मेसेज पाठवलास तिथे आता फॉर्म २० ची ती ओळही पाठव.