जपानी मेपलचं बी पंधरा दिवसांत रुजत नाही

‘जपानी मेपलच्या लाल-निळ्या झाडाचं बी रात्रभर गरम पाण्यात भिजवा, तरंगेल ते फेका, बुडेल ते कुंडीत लावा. पंधरा दिवसांत कोंब, वर्षभरात फोटोतल्यासारखं बोन्साय.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. तो वाचून बी लावणारे दोन महिन्यांनी ‘माझ्या हातालाच गुण नाही’ म्हणत कुंडी उपडी करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

निळ्याचा विषय लगेच संपतो: निळ्या पानांचा मेपल नाही. पानातला लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो, निळा मात्र फोटोवर चढवलेला असतो.

आता पंधरा दिवसांचं. हे बी शरद ऋतूत गळतं. तेव्हाच रुजलं तर कोवळं रोप पहिल्याच हिमात मरेल, म्हणून हिवाळा सरेपर्यंत ते झोपून राहतं. थंडी आणि ओल दोन्ही बराच काळ मिळाली की आतली संप्रेरकं बदलतात आणि ही झोप मोडते. घरी करायचं तर बिया एक दिवस कोमट पाण्यात भिजवा, ओलसर (निथळून पिळलेल्या) कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात मिसळून पिशवीत भरा आणि फ्रीजमध्ये १ ते ५ अंश सेल्सिअसला ९० ते १२० दिवस ठेवा. फ्रीजरमध्ये नको. कोरडं बी फ्रीजमध्ये ठेवलं तर ते नुसतं टिकतं, जागं होत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. अधूनमधून पिशवी उघडून बुरशी आली का ते पाहा. पांढरं मूळ दिसलेलं बी लगेच साधारण सेंटिमीटरभर खोल पेरा.

तरंगणारं बी पोकळ असू शकतं, पण पंखात अडकलेल्या हवेमुळेही बी तरंगतं. पंख खुडून भिजवा, तरीही तरंगलं तर वेगळ्या पिशवीत ठेवा. फेकायची घाई कशाला?

‘फोटोतल्यासारखं’ हा शब्द मला सगळ्यात खटकतो. ‘ब्लडगुड’सारख्या नावाजलेल्या वाणाच्या बियांतून पुन्हा ‘ब्लडगुड’ येत नाही. परागकण दुसऱ्या झाडाचे असू शकतात, त्यामुळे एकाच झाडाच्या बियांतून काही रोपं लालसर, काही हिरवी, काही अधिक कातरलेल्या पानांची निघतात. वाण जसाच्या तसा हवा तर कलमच करावं लागतं आणि त्या कलमाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांचं झाड) बहुधा असंच बियांपासून वाढवलेलं साधं हिरवं रोप असतं. पण ही सरमिसळच मला बियांकडे ओढते. आज माहीत असलेले कितीतरी वाण अशाच रोपांतून कुणीतरी नजरेनं हेरलेले आहेत.

बोन्साय ही झाडाला वळण देण्याची कला आहे, बियांची जात नव्हे. पहिल्या वर्षीचं रोप काडीएवढं असतं. खोड जाड व्हायला ते आधी मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत काही वर्षं मोकळं वाढू द्यावं लागतं. पुढेही दर हिवाळ्यात त्याला गारवा आणि पानगळ लागते.

शेवटचं, विकतच्या सुक्या बियांबद्दल. सुकल्यावर त्यांचं टरफल इतकं टणक होतं की सगळं नीट करूनही काही बिया पहिल्या वसंतात हलत नाहीत. ती कुंडी ओलसर ठेवून सावलीत राहू द्या. त्यातल्या काही आणखी एक हिवाळा घेऊन दुसऱ्या वसंतात उगवतात.